विश्लेषण : न्यायमूर्तिपदाच्या उमेदवाराची पहिली जाहीर झाडाझडती… कोण होते लुई ब्रँडाइस?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली की अध्यक्ष कोणाचे नाव पुढे करणार आणि सिनेटमध्ये त्याचे काय होणार, यावर आठवडेच्या आठवडे वाद रंगतो. उमेदवाराचे जुने निकाल, जुने अशील, भाषणे, मैत्री असे सारे उकरून काढले जाते. पूर्वी असे नव्हते. नावे बंद दाराआड चर्चिली जात आणि बहुतेकदा चटकन मंजूर होत. १९१६ मध्ये लुई ब्रँडाइस या वकिलाच्या नावावर प्रथमच जाहीर सुनावणी झाली. १२५ दिवस चाललेल्या त्या वादाने न्यायाधीश निवडण्याची अमेरिकी रीतच बदलली.

ब्रँडाइस कोठून आले?

लुई ब्रँडाइस यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात झाला. १८४८ च्या क्रांतीनंतर आई-वडील प्राग सोडून अमेरिकेत आले होते. घर ज्यू असले तरी कर्मकांड फारसे नव्हते. मामा लुईस डेम्बिट्झ वकील आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. त्यांच्या प्रभावातून लुई यांनी आपले मधले नाव बदलून डेम्बिट्झ केले. ड्रेस्डेनमध्ये काही काळ शिकल्यानंतर ते हार्वर्डच्या विधि महाविद्यालयात दाखल झाले आणि विसाव्या वर्षी पदवीधर झाले. त्यांचे गुण महाविद्यालयात पुढे अनेक दशके कोणाला गाठता आले नाहीत. डोळे अधू झाल्याने काही काळ मित्रांकडून पुस्तके वाचून घ्यावी लागत होती. १८७९ मध्ये वर्गमित्र सॅम्युअल वॉरन यांच्याबरोबर त्यांनी बोस्टनमध्ये वकिलीची फर्म काढली. १८९० मध्ये या दोघांनी खासगीपणाच्या हक्कावर लिहिलेला लेख पुढे जगभर गाजला.

लोकांचा वकील ही ओळख कशी झाली?

कारखानदारांची वकिली करून ब्रँडाइस श्रीमंत झाले. राहणी मात्र साधी ठेवली आणि जनहिताच्या कामांसाठी शुल्क घेणे बंद केले. कामगार कुटुंबे दर आठवड्याला विमा एजंटाच्या हाती पैसे देत आणि त्यातला मोठा वाटा खर्चात जिरे. हे पाहून बचत बँकांनीच स्वस्त आयुर्विमा विकावा, असा कायदा त्यांनी १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये करवून घेतला.

पुढच्याच वर्षी मुलर विरुद्ध ओरेगन हा खटला आला. धुलाई कारखान्यातील स्त्रियांना दिवसाला दहा तासांपेक्षा अधिक काम देऊ नये, या ओरेगन राज्याच्या कायद्याला मालकाने आव्हान दिले होते. तीनच वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने बेकरी कामगारांच्या तासांवरील मर्यादा रद्द केली होती. ब्रँडाइस यांनी शंभराहून अधिक पानांचे निवेदन सादर केले. त्यात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पाने होता. बाकी पानांवर कारखाना निरीक्षक, डॉक्टर आणि सरकारी समित्यांची माहिती होती. ती जमवण्याचे बरेचसे काम त्यांची मेव्हणी जोसेफीन गोल्डमार्क यांनी केले होते. न्यायालयाने एकमताने कायदा टिकवला. स्त्रिया दुबळ्या असतात या समजावर तो युक्तिवाद उभा होता, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्तही होती. तरी समाजातील वस्तुस्थिती पुराव्यानिशी न्यायालयापुढे मांडण्याची ही पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

याच काळात त्यांनी जे. पी. मॉर्गन यांच्या वर्चस्वाखालील न्यू हेवन रेल्वेच्या मक्तेदारीशी झुंज घेतली. १९१० मध्ये अलास्कातील कोळसा जमिनींच्या प्रकरणाची चौकशी झाली. तेव्हा अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्या प्रशासनाने एका अहवालावर मागील तारीख घातल्याचे ब्रँडाइस यांनी उघड केले. टाफ्ट यांची मोठी नाचक्की झाली.

विल्सन यांनी हेच नाव का निवडले?

ऑगस्ट १९१२ मध्ये ब्रँडाइस यांची वुड्रो विल्सन यांच्याशी भेट झाली. मक्तेदारी नियंत्रित करण्यापेक्षा मोडून स्पर्धा परत आणावी, हा विल्सन यांच्या प्रचारातील विचार बराचसा ब्रँडाइस यांचा होता. निवडून आल्यावर विल्सन त्यांना मंत्रिमंडळात घेणार होते, पण बोस्टनच्या उद्योगजगताने आणि पक्षातील काहींनी विरोध केल्याने तो बेत बारगळला. जानेवारी १९१६ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ लामार यांचे निधन झाले. २८ जानेवारीला विल्सन यांनी ब्रँडाइस यांचे नाव सिनेटकडे पाठवले. ते वर्ष निवडणुकीचे होते आणि सुधारणावादी मतदार विल्सन यांना हवे होते. त्यामुळे निवडीमागे तत्त्व होते तसे राजकारणही होते. वॉशिंग्टनमध्ये मात्र खळबळ उडाली. या जागेची आस खुद्द टाफ्ट यांना होती.

विरोधक कोण होते?

अमेरिकी वकील संघटनेच्या सात माजी अध्यक्षांनी ब्रँडाइस या पदाला लायक नाहीत, असे पत्र दिले. त्यात टाफ्ट आणि माजी परराष्ट्रमंत्री एलिहू रूट होते. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांच्या पुढाकाराने बोस्टनच्या ५५ प्रतिष्ठितांनी निवेदनावर सह्या केल्या. विरोधक सगळेच प्रतिगामी नव्हते. सात जणांपैकी मूरफील्ड स्टोरी हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. दुसरीकडे हार्वर्डचे माजी अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी पाठिंब्याचे पत्र लिहिले आणि विधि महाविद्यालयातील ११ पैकी ९ प्राध्यापक ब्रँडाइस यांच्या बाजूने उभे राहिले. वृत्तपत्रांतही फूट पडली. वॉल स्ट्रीट जर्नल विरोधात, तर न्यू रिपब्लिक हे साप्ताहिक पाठीशी होते.

आक्षेप नेमके काय होते?

मक्तेदारीला विरोध केला म्हणून हा माणूस नको, असे उघडपणे कोणी म्हणाले नाही. आक्षेप व्यावसायिक नीतिमत्तेवर घेतला गेला. न्यायाधीशाला लागणारा समतोल स्वभाव त्यांच्याकडे नाही, वकीलमंडळींत त्यांचे नाव चांगले नाही, असे सांगितले जाऊ लागले. यातून दोन प्रकरणे पुढे आली. पहिले युनायटेड शू मशिनरी कंपनीचे. ब्रँडाइस या कंपनीचे संचालक आणि वकील होते. १९०६ मध्ये कायदेमंडळापुढे त्यांनी तिच्या भाडेकरारांचा बचाव केला होता. कंपनी सोडल्यावर काही वर्षांनी त्याच करारांवर ते मक्तेदारीचे हत्यार म्हणून तुटून पडले. दुसरे प्रकरण लेनॉक्स या कातडी व्यावसायिकाचे. धंदा बुडाल्यावर तो ब्रँडाइस यांच्याकडे गेला. ब्रँडाइस आपली बाजू सांभाळत आहेत, असा त्याचा समज होता. ब्रँडाइस मात्र त्याच्याबरोबर धनकोंचेही हित पाहत होते. आपण कोणाचे वकील आहोत हे त्यांनी पुरेसे स्पष्ट केले नव्हते, असे त्यांच्याविषयी आदर असलेल्या अभ्यासकांनीही मान्य केले आहे.

सुनावणीत काय घडले?

सिनेटच्या न्यायविषयक समितीने पाच जणांची उपसमिती नेमली. ९ फेब्रुवारीपासून तिने जाहीर सुनावणी घेतली. ती उमेदवाराला अडचणीत आणेल, अशी विरोधकांची अटकळ होती. प्रत्यक्षात उलटे झाले. दबक्या आवाजात फिरणारे आरोप साक्षीदारांच्या खुर्चीत बसून सांगावे लागले, मग तारखा, कागद आणि नावे विचारली जाऊ लागली. ब्रँडाइस यांचे नाव वाईट आहे असे सांगणाऱ्यांना ते कोणाकडून आणि कोणत्या प्रकरणावरून ऐकले, याचे समाधानकारक उत्तर अनेकदा देता आले नाही. ज्यांना ठोस सांगता आले, त्यांचे म्हणणे नोंदले गेले आणि त्यावर खुलासाही आला.

ब्रँडाइस स्वतः समितीपुढे आले नाहीत. उमेदवाराने येण्याची तेव्हा प्रथाच नव्हती. फर्ममधील भागीदार एडवर्ड मॅक्लेनन वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून होते आणि बोस्टनहून ब्रँडाइस त्यांना जुन्या खटल्यांची माहिती पुरवत होते. बाहेर त्यांनी मौन पाळले.

ज्यू असण्याचा मुद्दा होता का?

सर्वोच्च न्यायालयात तोवर एकही ज्यू न्यायमूर्ती नव्हता. १९१४ पासून ब्रँडाइस अमेरिकेतील झायोनवादी चळवळीचे नेतृत्वही करत होते. सुनावणीत धर्माचा उच्चार जवळपास झाला नाही. खासगी पत्रव्यवहारात मात्र तो होता. बोस्टनच्या जुन्या घराण्यांना हा बाहेरचा माणूस खुपत होता. पैसा, धर्म आणि राजकारण यांपैकी विरोधाचे कोणते कारण किती वजनाचे, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण न्यायालयात त्यांच्याशेजारी बसणारे न्यायमूर्ती जेम्स मॅकरेनॉल्ड्स यांनी आपला ज्यूद्वेष लपवला नाही. ब्रँडाइस निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांच्या निरोपाच्या पत्रावरही त्यांनी सही केली नाही.

निकाल कसा लागला?

विल्सन यांनी मे महिन्यात समितीच्या अध्यक्षांना सविस्तर पत्र लिहून उमेदवाराची भक्कम बाजू मांडली. २४ मे रोजी समितीने १० विरुद्ध ८ मतांनी नाव मंजूर केले. मतविभागणी पूर्णपणे पक्षनिहाय होती. १ जून रोजी सिनेटने ४७ विरुद्ध २२ मतांनी शिक्कामोर्तब केले. तीन सुधारणावादी रिपब्लिकन सदस्य बाजूने आले, तर एका डेमोक्रॅट सदस्याने विरोधात मत दिले. ५ जूनला ब्रँडाइस यांचा शपथविधी झाला.

न्यायमूर्ती म्हणून ते कसे ठरले?

ते जवळपास २३ वर्षे न्यायालयात होते. १९२१ मध्ये सरन्यायाधीश म्हणून आले ते टाफ्ट. कधीकाळी ब्रँडाइस यांना नालायक ठरवणाऱ्या टाफ्ट यांनी त्यांच्याबरोबर नऊ वर्षे काम केले आणि दोघांचे संबंध सुधारले. मतभेद मात्र राहिले. १९२८ च्या ओमस्टेड खटल्यात पोलिसांनी चोरटी दारू विकणाऱ्याचे फोन चोरून ऐकले होते. घरात शिरून झडती घेतलेली नाही, म्हणून घटनेचा भंग नाही, असा निकाल टाफ्ट यांनी पाच विरुद्ध चार बहुमताने दिला. यंत्रे बदलतील, सरकारला कागदाला हात न लावताही माणसाच्या मनात डोकावता येईल, तेव्हा घटनेचा अर्थ शब्दांत अडकवू नये, अशी भिन्नमताची मांडणी ब्रँडाइस यांनी केली. १९६७ मध्ये न्यायालयाने ओमस्टेडचा निकाल बाजूला सारला. १९२७ च्या व्हिटनी खटल्यातील त्यांचे मत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पाया मानले जाते.

त्यांची कारकीर्द निष्कलंक होती का?

नाही. मनोदुर्बल ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्यास मुभा देणाऱ्या १९२७ च्या बक विरुद्ध बेल निकालात ब्रँडाइस बहुमताबरोबर होते. त्यांनी वेगळे मत लिहिले नाही. दुसरी गोष्ट १९८० च्या दशकात चर्चेत आली. न्यायमूर्ती असताना ते हार्वर्डचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर यांना सार्वजनिक कामांसाठी नियमित पैसे देत आणि त्यांच्यामार्फत धोरणांवर प्रभाव टाकत. १९१६ मध्ये नीतिमत्तेच्या नावाने इतका गदारोळ झाला. पण न्यायासनावर बसल्यावर हा माणूस राजकारणापासून दूर राहील का, या खऱ्या प्रश्नाच्या तळाशी ती चर्चा पोहोचलीच नाही. आरोप करणाऱ्यांना उमेदवाराने आधी काय केले याचा राग होता. पुढे तो कसा वागेल, याची चिकित्सा मागे पडली.

पुढे पद्धत कशी बदलली?

१९२५ मध्ये हार्लन स्टोन हे समितीपुढे हजर राहणारे पहिले उमेदवार ठरले. १९५५ पासून हे नियमित झाले आणि १९८१ पासून सुनावण्या दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या. १२५ दिवसांचा विक्रम २०१६ मध्ये मेरिक गार्लंड यांच्या वेळी मोडला. त्यांचे नाव २९३ दिवस पडून राहिले आणि सुनावणीच झाली नाही. ब्रँडाइस यांच्या विरोधकांना निदान समोर येऊन बोलावे लागले होते.

भारताशी काय संबंध?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या पुट्टस्वामी निकालात वॉरन-ब्रँडाइस यांचा १८९० चा लेख आणि ओमस्टेडमधील भिन्नमत या दोन्हींचा आधार आहे. निवडीची रीत मात्र अगदी वेगळी. आपल्याकडे न्यायवृंद नावे सुचवतो. नियुक्ती आयोगाचा कायदा आणि त्यासाठीची घटनादुरुस्ती न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली. संसदेत सुनावणी होत नाही, त्यामुळे उमेदवाराची पक्षीय ओढाताण टळते, पण नाव का स्वीकारले वा का अडले, हे नागरिकांना क्वचितच कळते. १९१६ चा अनुभव दोन्ही बाजूंना उपयोगी आहे. जाहीर चौकशीत द्वेषालाही व्यासपीठ मिळते. पण कुजबुजीला पुरावा मागण्याची सोयही तिथेच असते.

ब्रँडाइस फेब्रुवारी १९३९ मध्ये निवृत्त झाले आणि ५ ऑक्टोबर १९४१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी लुईव्हिल विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयाच्या आवारात आहेत. ते महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.