मोळी आणि आंघोळ

गेल्या महिन्यात आपल्या मंडळात बालसाहित्यावर चर्चा झाली, तेव्हा ‘श्यामची आई’वर सगळ्यात जास्त तोंडसुख मीच घेतलं होतं, हे हजर असलेल्यांना आठवत असेल. रडकं पुस्तक आहे, संस्कारांचा डोस आहे, मुलांसाठी नाहीच, मुलं कशी असावीत असं मोठ्यांना वाटतं त्याची यादी आहे, असं बरंच काही बोलले. त्यातलं काही मी अजूनही मागे घेत नाही.

माझा मामेभाऊ आठ वर्षांचा. घरात मराठी, शाळेत इंग्रजी नि तेलुगू, गल्लीत दखनी. मराठी त्याला बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून सुट्टीत मी वाचून दाखवते. अबिड्सच्या रविवारच्या फुटपाथ-बाजारात मिळालेली ‘श्यामची आई’ घरात होती, तीच घेतली. त्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडली आहे आणि तिला हात लावायला कुणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते की जा, मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. भावाने मला तिथंच थांबवलं. लाकडांनी अंग मळलं म्हणून आंघोळ का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणून टाकलं आणि पान उलटलं. खोटं बोलले. ते मनातून जाईना, म्हणून साने गुरुजींचं आयुष्य नीट वाचायला घेतलं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घराणं खोतांचं, पण वैभव ओसरलेलं. वडील सदाशिवराव कर्जात बुडालेले, आई यशोदा मानी आणि सोशिक. मुलगा शिकला काही काळ दापोलीच्या मिशनच्या शाळेत. हे मला माहीत नव्हतं. आपल्यासारख्या मिशनच्या संस्थेत शिकणाऱ्यांना याची गंमत वाटेल. पुढे पैशांअभावी शिक्षणासाठी औंध, मग पुणे अशी फरपट झाली. 1917 च्या नोव्हेंबरात आई गेली, तेव्हा हा दूर शिकायला होता. शेवटची भेट झालीच नाही.

1924 मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले आणि तिथल्या वसतिगृहाचं कामही बघू लागले. मुलांच्या खोल्या झाडणं, अंथरुणं आवरणं, कुणाचे कपडे धुणं हे सगळं ते न बोलता करत. मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिकही काढत. सहा वर्षांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि मग तुरुंगच तुरुंग. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या राजबंद्यांबरोबर राहताना इतर भाषांची ओढ लागली. तमिळ ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणलं. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर जी प्रवचनं दिली, ती आज आपल्याला वाचता येतात कारण गुरुजींनी ती उतरवून घेतली.

आणि मग नाशिकचा तुरुंग. 9 ते 13 फेब्रुवारी 1933. या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली गेली. पुस्तक छापून आलं 1935 मध्ये. बेचाळीस रात्री आहेत त्यात. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी रचना आहे.

इथं माझी चूक झाली होती. मी धरून चालले होते की श्याम हा आदर्श मुलगा आहे. पण नीट बघा, तो करतो काय? पैसे चोरतो. पोहायला घाबरून लपतो. कळ्या उमलायच्या आत तोडून आणतो. धुतलेल्या पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावतो. मी कॅथलिक घरातली, लहानपणापासून कन्फेशनला जाणारी. मला हे पुस्तक आता तसंच वाटतं. आई जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, ती क्षमा करायला नसताना, तुरुंगात बसून एक माणूस आपले लहानपणचे अपराध एकेक करून सांगतोय. अपराधी तो स्वतः आहे, ऐकणारं मूल नाही. आपण मोठ्यांनी ते पुस्तक घेऊन उलट मुलांनाच पिंजऱ्यात उभं केलं.

तरी एक तक्रार माझी कायम आहे. अळणी भाजीचा प्रसंग सगळ्यांना आवडतो. आई मीठ घालायला विसरते, पण वडील तक्रार न करता जेवतात, आणि तिला ते कळतं स्वतः जेवायला बसल्यावर. वडिलांच्या मोठेपणाबद्दल आपण बोलतो. पण ती सगळ्यांच्या शेवटी का जेवते, हे पुस्तक विचारत नाही. ते विचारायचं काम वाचून दाखवणाऱ्याचं आहे, असं मला वाटतं.

मोळीचं मात्र वेगळं आहे. 1947 मध्ये, स्वातंत्र्य तोंडावर आलेलं असताना, पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना बंद होतं. गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकमत तयार केलं आणि 1 मेला पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले. सनातन्यांचा विरोध मोठा होता. दहाएक दिवसांनी दार उघडायचं ठरलं. आईने मोळी उचलायला सांगितली होती, त्यापुढची आंघोळ मुलाने गाळून टाकली. ती शिकवण तिचीच, पण तिने आखलेल्या रेषेच्या तो बाहेर गेला. ‘श्यामची आई’ आज्ञाधारकपणाचा धडा म्हणून शाळेत बक्षीस देणाऱ्यांनी हा भाग बहुधा वाचलेला नसावा.

पुढचं थोडक्यात. गांधीजींच्या खुनानंतर त्यांनी 21 दिवस उपोषण केलं. 15 ऑगस्ट 1948 ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, ते आजही निघतं. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावं म्हणून आंतरभारतीची कल्पना त्यांनी 1949 च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. तीन भाषांत एकाच दिवशी भांडणाऱ्या आपल्या हैदराबादकरांना ती वेगळी समजावून सांगायला नको. 11 जून 1950 ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय पन्नास. माझ्या धर्मात यावर बोलायचे काही ठरलेले शब्द आहेत. मी ते इथं वापरणार नाही. इतरांच्या पोरांची अंथरुणं आवरणारा माणूस आतून किती थकला असेल, एवढंच मनात येतं.

भावाकडे मी परत गेले. आंघोळ अंग मळल्यामुळे नव्हती, हे त्याला सांगितलं, का होती तेही सांगितलं, आणि पंढरपूरही सांगितलं. त्याने बराच वेळ काही विचारलं नाही. मग आईला हे कळलं असतं तर ती रागावली असती का, असं विचारलं. मला उत्तर आलं नाही.

आता त्याला पुढचं पुस्तक हवंय. जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ आपल्यातल्या काहींनी वाचली असेल. गुरुजींनी तीच गोष्ट मराठी मुलांसाठी ‘मनूबाबा’ म्हणून सांगितली आहे. कुणाकडे प्रत असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. मी जपून वापरीन.