विश्लेषण : वारंवार गर्भपातावरचा ‘शिरोडकर टाका’ कुणी शोधला? इम्युनोथेरपीच्या काळात तो का आठवायचा?

चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशा कळा न येताच गर्भ पडतो. पुन्हा दिवस राहतात, पुन्हा तेच होते. गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याची बाई असो वा मुंबईची, डॉक्टर तिला पिशवीचे तोंड शिवायला सांगतात तेव्हा ती शस्त्रक्रिया अनेकदा एका गोवेकराच्या नावाने ओळखली जाते.

कोण होते डॉ. शिरोडकर?

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोडा गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १९२३ मध्ये एमबीबीएस आणि १९२७ मध्ये एमडी झाले. १९३१ मध्ये इंग्लंडमधून एफआरसीएस घेऊन ते परतले आणि पुढे ग्रँट मेडिकल व जे. जे. रुग्णालयात प्रसूती व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी गर्भ टिकत नसेल तर सक्तीची विश्रांती, हार्मोनची इंजेक्शने आणि घरच्यांचे टोमणे एवढेच बाईच्या वाट्याला येई. शिरोडकरांनी शोध घेतला तो यांत्रिक कारणाचा. काही स्त्रियांमध्ये गर्भाशयाचे तोंड कमकुवत असते. गर्भ निरोगी असतो, पण त्याचे वजन वाढले की तोंड आपोआप उघडते. त्यांनी निवडलेल्या ३० स्त्रियांपैकी प्रत्येकीचे किमान चार गर्भपात झालेले होते.

टाका नेमका कसा?

योनीमार्गातून जाऊन मूत्राशय वर सरकवायचे आणि गर्भाशयमुखाच्या शक्य तितक्या वरच्या भागाभोवती, आतल्या तोंडाजवळ, पट्टी गुंडाळून बांधायची. पट्टी कशाची? सुरुवातीला मांडीच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची, नंतर कृत्रिम धाग्याची. ही पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियाचे इयन मॅकडोनाल्ड यांनी मूत्राशय न सोडवता घालता येणारा सोपा टाका सुचवला. आज दोन्ही प्रकार वापरात आहेत.

पण टाका सर्वांसाठी नाही. १,२९२ गर्भवतींवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले, म्हणजे शोधानंतर ३८ वर्षांनी! ३३ आठवड्यांआधीची प्रसूती टाका घातलेल्या गटात १३ टक्के, तर दुसऱ्या गटात १७ टक्के होती. साधारण २५ टाक्यांमागे एकीला लाभ. स्पष्ट फायदा दिसला तो तीन किंवा अधिक वेळा उशिरा गर्भपात वा अकाली प्रसूती झालेल्यांना. पहिल्या तीन महिन्यांतले गर्भपात बहुतांशी गुणसूत्रांतील दोषामुळे होतात, तिथे टाक्याचा उपयोग नाही.

मग इम्युनोथेरपीचे काय?

गर्भात निम्मे गुण पित्याचे असतात, तरी आईचे शरीर तो परका मानून झिडकारत का नाही, हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला. त्यातूनच पुढे एक कल्पना निघाली : पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशी पत्नीला टोचायच्या, म्हणजे तिचे शरीर गर्भाला सरावेल. ऐकायला तर्कशुद्ध. मात्र १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसते मिठाचे पाणी टोचलेल्या स्त्रियांचेच निकाल अधिक चांगले आले. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर हे उपचार थांबवायला लावले. युरोपीय मार्गदर्शक सूचनाही ते नकोत असेच सांगतात. तरीही मूल हवे असलेले जोडपे आशेपोटी काहीही करायला तयार होते, हे विकणाऱ्याला बरोबर ठाऊक असते.

प्रतिकारशक्तीशी संबंधित एक कारण मात्र पक्के आहे, ते म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. त्याचे निदान रक्त तपासून, किमान १२ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा खात्री करून होते. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन हा त्यावरचा स्वीकृत उपचार, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

शिरोडकरांचे काम टाक्यावर थांबले नाही. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर पिशवी न काढता ती वर बांधून ठेवणारी शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९६० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्याच वर्षी ७ मार्चला त्यांचे निधन झाले.