देवळालीचे कापरेकर गुरुजी

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते देवळालीस शिक्षक झाले व १९३० ते १९६२ पर्यंत तेथेच अध्यापन केले.

१९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल मांडले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ वरून ३०८७, ८३५२ व ६१७४ असा क्रम लागतो. अनेक विद्वानांनी त्यांची उपेक्षा केली. परंतु १९७५ मधील मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने ते जगप्रसिद्ध झाले. १९८६ साली ते निवर्तले.

नेमका नियम, ठरलेला क्रम व पुनरावृत्ती यांवरच संगणक चालतो. बेळगाव-निपाणीकडील बालकांनो, संगणकाचा हा पहिला धडा पाटीवरही गिरवता येतो!