गाडी चुकलेला इंजिनिअर आणि क्रिप्टोचं घड्याळ

क्रिप्टोचा बाजार रात्री बंद होत नाही, त्याला शनिवार-रविवारची सुट्टीही नाही. तरी हिशेबासाठी दिवस कुठेतरी संपवावाच लागतो. बहुतेक एक्स्चेंज तो जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, शून्य वाजता संपवतात. त्या वेळी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. सगळ्या जगाला एकच घड्याळ असावं यासाठी ज्यांनी आयुष्याची बरीच वर्षं खर्ची घातली, त्यांत सर सँडफोर्ड फ्लेमिंग हे नाव मोठं आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ रोजी स्कॉटलंडमधल्या कर्कॉडी गावात झाला. अठराव्या वर्षी ते कॅनडात गेले. तिथे मोजणीदार म्हणून सुरुवात करून ते रेल्वेचे मुख्य इंजिनिअर झाले. कॅनडाचं पहिलं टपाल तिकीट, बीव्हरचं चित्र असलेलं, १८५१ मध्ये त्यांनीच तयार केलं.

पुढची गोष्ट १८७६ सालची. आयर्लंडमध्ये बंडोरन स्टेशनवर ते संध्याकाळच्या गाडीसाठी वेळेवर पोहोचले, पण गाडीचा पत्ताच नाही. वेळापत्रकात पहाटेच्या ५.३५ ऐवजी संध्याकाळचे ५.३५ छापले गेले होते. रात्र तिथेच काढावी लागली. दुसरा कोणी स्टेशनमास्तरशी भांडून मोकळा झाला असता. फ्लेमिंग यांनी दोन वेळा बारा मोजणाऱ्या घड्याळालाच हात घातला.

तेव्हा जवळजवळ प्रत्येक शहराची आपली वेळ होती. नुसत्या अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या पन्नासच्या आसपास वेगवेगळ्या वेळा वापरत. फ्लेमिंग यांनी मांडलं की पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. तेव्हा २४ पट्टे करावेत, तास शून्य ते चोवीस मोजावेत आणि सगळ्यांवर एक जागतिक वेळ असावी. श्रेय त्यांच्या एकट्याचं नाही. अमेरिकेत चार्ल्स डाउड यांनीही पट्ट्यांची कल्पना मांडली होती. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका आणि कॅनडातल्या रेल्वेंनी पट्ट्यांची वेळ लागू केली.

पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ग्रीनिचला मान दिला तर इतर देश दुखावतील, म्हणून बरोब्बर त्याच्या विरुद्ध बाजूची, १८० अंशांवरची रेषा मूळ धरावी, असं फ्लेमिंग यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही. ग्रीनिच ठरलं, फ्रान्स तटस्थ राहिला. जागतिक दिवस मंजूर झाला, पण २४ पट्ट्यांचा ठराव झालाच नाही. ते पुढे देशांनी आपापल्या सोयीनं केलं. म्हणून तर भारत साडेपाच तासांवर आणि नेपाळ पावणेसहावर आहे.

हा अर्धा तासच आपल्याकडच्या ट्रेडरला नडतो. यूटीसीत साडेपाच तास मिळवायचे, एवढं सगळ्यांना पाठ असतं. तारीख मात्र विसरली जाते. १४ तारखेला यूटीसी २०:०० म्हणजे आपल्याकडे १५ तारखेची रात्रीची दीड. यूटीसी १८:३० ला आपली तारीख बदलते, हे लक्षात ठेवलं की पुरे. अनेक एक्स्चेंजवर फ्युचर्सचं फंडिंग यूटीसी ०, ८ आणि १६ वाजता कापलं जातं, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, दुपारचे दीड आणि रात्रीचे साडेनऊ. दीडच्या आधी सौदा बंद केला समजून पावणेदोनला बंद करणाऱ्याचे पैसे कापले जातात, आणि ते बरोबरच असतं. अमेरिका उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करते. त्यामुळे तिथली सकाळी साडेआठची महागाईची आकडेवारी आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला, हिवाळ्यात सातला येते. यूटीसी मात्र जागचं हलत नाही.

फ्लेमिंग यांना १८९७ मध्ये सर ही पदवी मिळाली. पॅसिफिक महासागराखालून तारेची केबल टाकण्यासाठीही ते वर्षानुवर्षं झगडले; ती १९०२ मध्ये पूर्ण झाली. २२ जुलै १९१५ रोजी हॅलिफॅक्सला वयाच्या ८८ व्या वर्षी ते गेले. भारतात १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली होती, पण ते गेले तेव्हाही मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली मुंबई वेळ चालूच होती. ती सुटली १९५५ मध्ये.