प्लेगच्या लसीचे जनक : वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळ येथे पूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान असलेल्या वास्तूतील संस्थेला हाफकिन हे नाव आहे. ते नाव सर्वांच्या परिचयाचे. त्या नावाच्या माणसाने काय सोसले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका यहूदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होते. शरीरातील काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा मेचनिकोव्ह यांचा शोध १८८२ मधला. रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा तो एक पाया ठरला. हाफकिन यांनाही प्राध्यापकपद मिळू शकले असते, परंतु त्यासाठी यहूदी धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीत प्रवेश करावा लागणार होता. त्यांनी नकार दिला. बाप्तिस्म्याला नोकरीची किंमत लावणारी ही अट वाचताना आपणा ख्रिस्ती वाचकांची मान खाली जाते.

१८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, तेही ग्रंथपालाचे साहाय्यक म्हणून! तेथे त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत, हाताखाली मोजकीच माणसे घेऊन त्यांनी काम आरंभले. मांसरसावर तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवीत व मग उष्णता देऊन मारीत. मेलेला जंतू रोग देत नाही. पण शरीर त्याची ओळख पटवून घेते, प्रतिद्रव्ये निर्माण करते, आणि काही पेशी ती ओळख पुढेही जपून ठेवतात. या स्मृतिपेशींचे ज्ञान त्या काळी कोणालाच नव्हते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली.

मग आला तो दुर्दैवी दिवस. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे वळविला व हाफकिन यांचे पद गेले. वस्तुतः ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. शिवाय हे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर तिला दुर्गंध आला असता; उघडताना तसा तो आला नव्हता. इतकी साधी गोष्ट मान्य व्हायला पाच वर्षे का लागावीत? हाफकिन हे वैद्यकीय पदवीधर नव्हते, शिवाय परदेशी आणि यहूदी. याचाही त्यात वाटा असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. अखेर १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रातून जाहीरपणे त्यांची बाजू मांडली आणि कलंक पुसला गेला. ते कलकत्त्यास कामावर रुजू झाले; मुंबईची प्रयोगशाळा मात्र त्यांच्याकडे परत आली नाही.

१९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. उत्तरायुष्यात ते यहूदी नियमशास्त्राचे आचरण निष्ठेने करीत. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील यहूदी धर्मशिक्षणाच्या पाठशाळांसाठी ठेवली.