आरशातून अजिंठ्याकडे

दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयात अमृता शेरगिलने काढलेले तिचे स्वतःचेच एक चित्र आहे. १९३४ साली पॅरिसमध्ये काढलेले. अंगावर वरचे वस्त्र नाही, हात पुढे एकमेकांवर ठेवलेले, नजर दूर कुठेतरी लागलेली. मागे एका पुरुषाची सावली. या चित्रात ती ताहिती बेटावरची स्त्री झाली आहे. गोगँ या फ्रेंच चित्रकाराने त्या बेटावरच्या स्त्रिया रंगवून नाव मिळवले होते. परक्या पुरुषाने ज्यांना न्याहाळले, त्यांच्यातलीच एक होऊन एकवीस वर्षांच्या या मुलीने कुंचला मात्र आपल्याच हाती ठेवला.

अमृताचा जन्म १९१३ चा, बुडापेस्टमधला. वडील शीख सरदार, आई हंगेरियन. सोळाव्या वर्षी ती पॅरिसला शिकायला गेली. तिथल्या वर्षांत तिने स्वतःला पुन्हापुन्हा रंगवले. कधी हसरी, कधी गंभीर. दोन देशांच्या या लेकीला आपण नेमक्या कोण, हे जणू आरशालाच विचारायचे होते.

१९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली आणि आरसा हळूहळू बाजूला पडला. तिच्या चित्रांत आता खेड्यापाड्यांतली माणसे आली. १९३६ साली मुंबईत ताजमहाल हॉटेलात तिचे प्रदर्शन भरले. कार्ल खंडालावाला यांच्यासारखा जाणकार रसिक तिला याच शहरात भेटला. तेथून ती वेरूळ-अजिंठ्याला गेली आणि भारावून गेली. पुढे दक्षिणेचा प्रवास झाला, आणि १९३७ मध्ये नववधूचा शृंगार, ब्रह्मचारी, बाजाराला निघालेले गावकरी ही मोठी चित्रे उतरली. त्यांतल्या सावळ्या, शांत आकृतींमागे अजिंठा उभा आहे. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिले. त्या मुली खाली पाहत गप्प बसल्या आहेत. पॅरिसच्या चित्रातली उदासी त्यांच्याही चेहऱ्यावर आहे. पण आता ती एकट्या अमृताची राहिलेली नाही.

५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला, प्रदर्शन तोंडावर आले असताना, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली. तिची बहुतेक चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. कधी दिल्लीला जाणे झाले, तर मुलांना घेऊन ती जरूर पाहावीत. स्वतःकडे इतक्या धीटपणे पाहणाऱ्या मुलीलाच दुसऱ्याचे न बोललेले दुःख दिसले, हे तिथे शब्दांवाचून कळते.