ऑग्युस्त एस्कोफिये

जॉर्ज ऑग्युस्त एस्कोफिये (जन्म : व्हिलनव-लूबे, फ्रान्स, २८ ऑक्टोबर १८४६, मृत्यू : माँटे कार्लो, १२ फेब्रुवारी १९३५) हे फ्रेंच बल्लवाचार्य, पाककलेवरील ग्रंथकार आणि आधुनिक हॉटेलच्या स्वयंपाकघराचे शिल्पकार होते. मोठ्या हॉटेलातील रेस्टॉरंटमध्ये जाऊन जेवणे ही गोष्ट युरोपात प्रतिष्ठेची झाली, तिच्यामागे हॉटेल-व्यावसायिक सेझार रिट्झ आणि एस्कोफिये या जोडीचे श्रम होते. रिट्झ दर्शनी दालन सांभाळत आणि एस्कोफिये भटारखाना. यांपैकी दुसऱ्याचे काम पाहुण्यांच्या नजरेला कधी पडत नसे; परंतु टिकले ते अधिक.

== बालपण आणि उमेदवारी ==

नीसजवळच्या व्हिलनव-लूबे या लहानशा गावी एस्कोफिये यांचा जन्म झाला. वडील लोहारकाम करीत व तंबाखूची शेतीही पाहत. घरातील आजीच्या स्वयंपाकाचे संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाले. मुलाचा ओढा मात्र चित्रकला व शिल्पकलेकडे होता. घरच्या व्यवहारी विचारापुढे तो टिकला नाही आणि तेराव्या वर्षी त्यांना नीस येथील काकांच्या रेस्टॉरंटात उमेदवारीस धाडण्यात आले. त्या काळी उमेदवारी म्हणजे पडेल ते काम आणि मिळेल तो मार. नात्याची सवलत मिळण्याऐवजी काकांचा जाचच अधिक सोसावा लागला. एस्कोफिये अंगाने बुटके होते. भट्टीची धग थेट तोंडावर येऊ नये म्हणून ते उंच टाचांचे बूट घालीत; ही सवय पुढे जन्मभर राहिली.

१८६५ मध्ये ते पॅरिसच्या ‘ल पती मूलाँ रूज’ या रेस्टॉरंटात रुजू झाले. पुढे जगभर गाजलेले नृत्यगृह आणि हे रेस्टॉरंट यांत नामसाधर्म्यामुळे गल्लत होते. नृत्यगृह १८८९ मध्ये सुरू झाले आणि त्याच्याशी एस्कोफिये यांचा संबंध नाही.

== मेत्सचा वेढा ==

१८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि एस्कोफिये यांची ऱ्हाइन सेनेच्या मुख्यालयात आचारी म्हणून नेमणूक झाली. ही सेना मेत्स शहरात वेढली गेली. वेढ्याची चाहूल लागताच त्यांनी कोंबड्या, ससे, एक शेळी असे पशुधन जमवून ठेवले व ते पुरवून पुरवून वापरले. ते संपल्यावर घोड्याचे मांस शिजवण्याची वेळ आली. त्याचा उग्रपणा जावा म्हणून ते आधी उकळून घेण्याची युक्ती त्यांनी योजली. ऑक्टोबरच्या अखेरीस मेत्स पडले आणि एस्कोफिये यांना युद्धकैदी व्हावे लागले.

पुढे राजेरजवाड्यांची ताटे सजवणाऱ्या या माणसाच्या घडणीत या काही महिन्यांचे मोल फार आहे. काहीही वाया न घालवण्याची त्यांची शिस्त येथलीच. डबाबंद अन्नाविषयीची त्यांची आयुष्यभराची आस्थाही वेढ्यातून आली. टोमॅटो टिकवून डब्यात भरण्यासाठी त्यांनी पुढे बराच खटाटोप केला आणि स्वतःच्या नावाने तयार सॉस बाजारात आणले.

== रिट्झ यांची भेट ==

युद्धानंतर ते पॅरिसच्या जुन्या जागी मुख्य आचारी झाले. काही वर्षांनी त्यांनी कान येथे स्वतःचे रेस्टॉरंटही काढले. याच सुमारास देल्फीन दाफी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रकाशकाची ही कन्या कविता लिहीत असे. या दांपत्यास दोन मुलगे व एक मुलगी झाली. पुढील तीस वर्षे एस्कोफिये बहुतांशी लंडनमध्ये आणि पत्नी माँटे कार्लोत, असाच संसार झाला.

१८८४ मध्ये माँटे कार्लोच्या ग्रँड हॉटेलचा मुख्य आचारी प्रतिस्पर्धी हॉटेलाने फोडून नेला. व्यवस्थापक सेझार रिट्झ यांनी रिकाम्या जागी एस्कोफिये यांना बोलावले. रिट्झ हे स्वित्झर्लंडमधील एका खेड्यातील शेतकऱ्याचे तेरावे अपत्य, तर एस्कोफिये लोहाराचे पोर. श्रीमंतांच्या सवयी दोघांनीही बाहेरून, वाढप्याच्या आणि आचाऱ्याच्या जागेवरून न्याहाळल्या होत्या. हिवाळ्यात माँटे कार्लो आणि उन्हाळ्यात ल्युसर्नचे नॅशनल हॉटेल, अशी त्यांची भागीदारी सुरू झाली.

== सॅव्हॉय आणि नवे स्वयंपाकघर ==

नाट्यनिर्माते रिचर्ड डॉयली कार्ट यांनी १८८९ मध्ये लंडनमध्ये सॅव्हॉय हॉटेल उघडले. विजेचे दिवे, लिफ्ट, भरपूर स्नानगृहे असे सारे असूनही हॉटेल चालेना. तेव्हा कार्ट यांनी रिट्झ यांना पाचारण केले आणि १८९० मध्ये एस्कोफिये स्वयंपाकघराचे प्रमुख झाले.

तत्पूर्वीचे हॉटेलांचे स्वयंपाकघर हे तळघरातील अंधारी, धुराने भरलेली जागा असे. उष्म्याने तहानलेले आचारी दिवसभर बिअर व दारू पीत. आरडाओरडा, शिव्या आणि उमेदवारांना मारहाण हा रोजचा क्रम होता. एस्कोफिये यांनी स्वयंपाकघरात मद्यपानास बंदी केली आणि तहानेसाठी बार्लीच्या पाण्याची सोय ठेवली. ओरडण्यास मज्जाव केला. वाढप्यांनी आणलेल्या मागण्या मोठ्याने पुकारणाऱ्या माणसाच्या पदाला फ्रेंच भाषेत भुंकणारा असे नाव होते. ते बदलून त्यास उद्घोषक म्हणावे, असा त्यांचा आग्रह असे. राग अनावर झाला की ते स्वतः काही वेळ बाहेर निघून जात. उमेदवारीत सोसलेला मार त्यांनी पुढच्या पिढीला दिला नाही.

कामाची त्यांनी केलेली फेरमांडणी ‘ब्रिगेड’ या लष्करी नावाने ओळखली जाते. पूर्वी एकच आचारी एखादा पदार्थ आरंभापासून शेवटपर्यंत करी. एस्कोफिये यांनी सॉस, भाजलेले मांस, मासे, भाज्या व अंडी, थंड पदार्थ, मिष्टान्ने असे विभाग पाडले आणि प्रत्येकावर एक प्रमुख नेमला. मायरबेर नावाच्या अंड्यांच्या पदार्थाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. त्यात तळलेले अंडे, भाजलेला मेंढीचा गुर्दा आणि ट्रफलचा सॉस असे तीन घटक येतात. एका आचाऱ्याला त्यासाठी सुमारे पंधरा मिनिटे लागत. आता अंडे एका विभागात, गुर्दा दुसऱ्यात आणि सॉस तिसऱ्यात एकाच वेळी तयार होऊ लागला आणि थाळी काही मिनिटांत, गरम असतानाच पाहुण्यापुढे येऊ लागली. नाटक संपल्यावर एकदम लोटणारी गर्दी सांभाळणे त्यामुळे शक्य झाले.

जुन्या फ्रेंच रीतीत अनेक पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात. दिसायला थाट मोठा, पण तोंडात पडेपर्यंत अन्न निवलेले. एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन पद्धत फ्रान्समध्ये आधीच आली होती. एस्कोफिये यांनी ती हॉटेलच्या रोजच्या व्यवहारात पक्की केली. चार किंवा अधिक पाहुण्यांसाठी ठरावीक किमतीचे भोजन ते स्वतः आखून देत, आणि कोणाला पूर्वी काय वाढले होते याची नोंद ठेवत.

== भोजनगृहातील स्त्रिया ==

त्या वेळच्या लंडनमध्ये प्रतिष्ठित घरातील स्त्रियांनी चारचौघांत बाहेर जेवणे शिष्टसंमत नव्हते. पुरुष क्लबात जेवत आणि स्त्रिया घरी. सॅव्हॉयने हा रिवाज मोडला. रिट्झ यांनी स्त्रियांच्या चेहऱ्यांना व पोशाखांना खुलवील अशी सौम्य प्रकाशयोजना केली, रात्रीचा औपचारिक पोशाख सक्तीचा केला आणि सोबतीविना आलेल्या स्त्रियांना प्रवेश नाकारला. हा शेवटचा नियम आज अन्यायकारक वाटतो, आणि तो तसा होताही. परंतु स्थळाच्या अब्रूविषयी घरच्यांची खात्री पटवण्यासाठी तो केलेला होता. एस्कोफिये यांनी पदार्थ हलके, नाजूक आणि काट्या-चमच्याने सहज खाता येतील असे केले.

अनेक पदार्थांना त्यांनी स्त्रियांची नावे दिली. त्यांत सर्वांत प्रसिद्ध पेश मेल्बा. ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा सॅव्हॉयमध्ये उतरल्या असताना लंडनमध्ये त्यांचा ‘लोहेनग्रिन’ या ऑपेरात प्रयोग झाला. त्या ऑपेरातील राजहंसावरून सुचून एस्कोफिये यांनी बर्फात कोरलेल्या हंसाच्या पंखांमध्ये व्हॅनिला आइस्क्रीम व त्यावर पीच ही फळे ठेवून पाठवली. रासबेरीच्या गराची जोड तिला पुढे कार्लटन हॉटेलात मिळाली आणि पदार्थ पूर्ण झाला. बेडकाचे पाय खाण्याच्या कल्पनेने इंग्रजांच्या अंगावर काटा येई. एस्कोफिये यांनी त्यांना पहाटेच्या अप्सरांच्या मांड्या असे काव्यमय नाव देऊन ते प्रिन्स ऑफ वेल्सच्या मेजवानीत वाढले आणि ते संपले. इंग्रजी मात्र एस्कोफिये अखेरपर्यंत जवळजवळ शिकलेच नाहीत.

== बडतर्फी ==

८ मार्च १८९८ रोजी रिट्झ, त्यांचे सहकारी लुई एशनार आणि एस्कोफिये या तिघांना सॅव्हॉयच्या संचालकांनी एकाएकी काढून टाकले. स्वयंपाकघरातील फ्रेंच व स्विस आचाऱ्यांनी दंगा केला आणि पोलिसांना बोलवावे लागले. वृत्तपत्रांना खरे कारण कळले नाही. हॉटेलचा धंदा जोरात असूनही नफा घटत चालल्याने संचालकांनी गुप्त चौकशी करवली होती. तीत ३,४०० पौंडांहून अधिक किमतीच्या वाइन व मद्याचा हिशेब लागत नव्हता. एस्कोफिये पुरवठादारांकडून दलाली घेत आणि ती भरून काढण्यासाठी पुरवठादार माल कमी देऊन पूर्ण मालाचे बिल लावीत, असे आढळले.

तिघांनी प्रथम अन्यायकारक बडतर्फीचा दावा लावला. पण जानेवारी १९०० मध्ये त्यांनी कबुलीजबाबांवर सह्या केल्या. एस्कोफिये यांच्या नावावर ८,००० पौंडांहून अधिक रक्कम निघत होती. त्यांच्यापाशी पैसा नसल्याने ५०० पौंडांवर तडजोड झाली. हे कागद बंद राहिले आणि १९८० च्या दशकात उजेडात आले. तोपर्यंत लिहिलेल्या बहुतेक चरित्रांत या प्रकरणाचा मागमूस नाही. पुरवठादारांकडून दलाली घेणे त्या काळी मुख्य आचाऱ्यांत सर्रास चाले, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. ते खरे असले तरी कबुलीजबाबावरील सही पुसली जात नाही. दुसरीकडे, पैसा त्यांच्या हाती कधी टिकला नाही, हेही तितकेच खरे. सॅव्हॉयच्या काळात ते उरलेले चांगले अन्न लंडनमधील वृद्ध निराधारांची सेवा करणाऱ्या जोगिणींच्या आश्रमास नियमितपणे देत.

== रिट्झ, कार्लटन आणि ग्रंथलेखन ==

बडतर्फीनंतर तीनच महिन्यांनी, १ जून १८९८ रोजी, पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकात रिट्झ हॉटेल उघडले. त्याचे स्वयंपाकघर एस्कोफिये यांनी उभारून दिले. १८९९ मध्ये लंडनमध्ये कार्लटन हॉटेल सुरू झाले आणि सॅव्हॉयचे उमराव गिऱ्हाईक त्यांच्यामागे तेथे गेले. सॅव्हॉयनेही पुढे नवी कीर्ती मिळवली. तेथील अमेरिकन बार १९०३ पासून एडा कोलमन या स्त्रीने चालवला.

जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहणासाठी कार्लटनमध्ये जय्यत तयारी झाली होती. दोन दिवस आधी राजावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा लांबणीवर पडला. त्या धक्क्याने रिट्झ खचले ते पुन्हा सावरले नाहीत. त्यानंतर कार्लटनचा भार एस्कोफिये यांनीच वाहिला.

१९०३ मध्ये ‘ल गीद क्युलिनेर’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. फिलेआस जिल्बेर, एमिल फेत्यू प्रभृतींचे त्यास साहाय्य होते. सुमारे ५,००० पाककृतींचा हा ग्रंथ कसबी आचाऱ्यांसाठी लिहिलेला असल्याने अतिशय त्रोटक आहे. नवशिक्याने तो उघडला तर हाती फारसे लागत नाही. आधीच्या शतकातील आंतोनँ कारेम यांची भपकेबाज रचना त्यांनी सोपी केली, खाता न येणारी सजावट काढून टाकली आणि रसांचे व सॉसचे वर्गीकरण मांडले. बेशामेल, व्हेलूते, एस्पान्योल, टोमॅटो आणि ऑलांदेझ हे पाच मूळ सॉस पुढे याच परंपरेतून शिकवले जाऊ लागले. ग्रंथात नारळाच्या दुधातील भारतीय धर्तीच्या करी सॉसलाही स्थान आहे. कोकणातील वाचकाला मात्र तो ओळखू येईलच असे नाही. भारतातील हॉटेल-व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत एस्कोफिये यांची ब्रिगेड आणि पाच सॉस आजही पहिल्या धड्यांत येतात.

१९१० मध्ये त्यांनी दारिद्र्यनिर्मूलनासाठी परस्पर साहाय्याची योजना सुचवणारी पुस्तिका लिहिली. वृद्ध व अपंग कामगारांस निर्वाहवेतन मिळावे, असा तिचा रोख होता.

== अखेरचा काळ ==

हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आगबोटींवरील रेस्टॉरंटांची आखणीही त्यांनी केली. १९१३ मध्ये ‘इंपेराटोर’ या बोटीवर जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्यासाठी त्यांनी भोजन सिद्ध केले. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचा मुलगा दानिएल आघाडीवर मारला गेला. साठी-सत्तरीच्या मधल्या एस्कोफिये यांनी टंचाईच्या त्या वर्षांत कार्लटन चालू ठेवले आणि आघाडीवर गेलेल्या आचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी निधी जमवला.

१९२० मध्ये ते निवृत्त होऊन माँटे कार्लोस पत्नीकडे परतले. ‘लेजिआँ दॉनर’ हा फ्रेंच सन्मान त्यांना युद्धानंतर मिळाला आणि १९२८ मध्ये त्यात ऑफिसर या श्रेणीची बढती झाली. त्याच वर्षी पॅरिस येथे स्थापन झालेल्या आचाऱ्यांच्या जागतिक संघटनेचे ते पहिले मानद अध्यक्ष होते. घरगुती स्वयंपाकासाठी लिहिलेले ‘मा क्युझीन’ हे पुस्तक १९३४ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८८ व्या वर्षी प्रसिद्ध झाले.

६ फेब्रुवारी १९३५ रोजी देल्फीन यांचे निधन झाले आणि त्यानंतर सहा दिवसांनी एस्कोफिये यांचेही. व्हिलनव-लूबे येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्या जन्मघरात १९६६ पासून पाककलेचे संग्रहालय आहे. त्यांच्या आठवणींचे हस्तलिखित १९८५ मध्ये पुस्तकरूपाने आले. सॅव्हॉयचे कागद बाहेर आले तेही त्याच दशकात.